कासवाची ट्यूब

सांगलीत माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ट्यूब, पट्ट्या, चोक, होल्डर, मोटारीचे स्टार्टर, ३१ वर्षं हेच विकतोय. त्यामुळे धाकटीने वाढदिवसाच्या पैशांतून तळहातावर मावेल एवढं कासव आणलं आणि सोबत 'कासवाचा दिवा' म्हणून एक निळसर एलईडी बल्ब आणला, तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, यापेक्षा लख्ख उजेड घरचाच देतो की. टाकीवर २० वॉटची एलईडी पट्टी ठोकली. टाकी सराफाच्या शोकेससारखी झळकायला लागली.

आठ महिन्यांनी धाकटी म्हणाली, "बाबा, टिकलीची पाठ दाबली की आत जाते." (कानामागे तांबडा ठिपका, म्हणून टिकली. या जातीला रेड इअर्ड स्लायडर म्हणतात.) मी अंगठ्याने दाबून पाहिलं. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं लागलं. पाठीची मागची कड वर वळली होती आणि चालताना मागचे पाय ओढल्यासारखे येत होते. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. फिल्मवर हाडं धुरकट, नीट दिसतच नव्हती. त्यांनी विचारलं, "दिवा कुठला आहे?" मी अभिमानाने सांगितलं, "२० वॉट, ६५०० केल्व्हिन, म्हणजे पांढराशुभ्र उजेड." ते म्हणाले, "यूव्हीबी किती?" दिव्यांचा धंदा करणाऱ्या माणसाला याचं उत्तर येईना.

तेव्हापासून जे शिकलो ते लिहितो. तुमच्याकडे स्लायडर किंवा इग्वाना, बियर्डेड ड्रॅगन असले पाळीव सरडे असतील तर उपयोगी पडेल.

यूव्हीबी म्हणजे साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटरचा पट्टा. तो डोळ्यांना दिसत नाही, आणि माझ्या एलईडी पट्टीत तो नव्हताच, धाकटीच्या निळसर बल्बमध्येही नाही. कातडीत कोलेस्टेरॉलच्या जातीचं एक द्रव्य असतं, त्यावर हा किरण पडला की त्याचं आधी कच्चं डी-३ होतं आणि मग अंगाच्या उबेने पक्कं डी-३ होतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाच्या रूपात आणतात आणि मग कुठे आतडं अन्नातलं कॅल्शियम ओढून घेतं. ही साखळी तुटली की रक्ताला लागणारं कॅल्शियम शरीर हाडांतून उपसतं. टिकलीच्या पाठीचं तेच झालं होतं. रोज खात होती आणि आतून पोखरली जात होती.

यातला उबेचा मुद्दा लोक विसरतात. नुसती यूव्हीबीची ट्यूब लावून जनावर गारठलेलं ठेवलं तर काम अर्धवट राहतं. म्हणून ट्यूब आणि गरम बल्ब दोन्हींचा झोत एकाच जागी पडला पाहिजे.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. साधी ट्यूबलाइट, कासवाची यूव्हीबी ट्यूब आणि पाण्याच्या प्युरिफायरमधली ट्यूब या एका आईच्या तीन मुली. तिघींच्या पोटात पारा, आणि तिघींत तो पारा २५४ नॅनोमीटरचा जहाल किरण सोडतो. साध्या ट्यूबला आतून पांढरी पावडर फासलेली असते, ती त्या किरणाचा दिसणारा उजेड करते आणि उरलंसुरलं काच अडवते. कासवाच्या ट्यूबची पावडर वेगळी आणि काचही वेगळी, म्हणून यूव्हीबी बाहेर येतो. प्युरिफायरच्या ट्यूबला पावडरच नसते, जहाल किरण थेट बाहेर. तो यूव्हीसी. जंतू मारतो, डोळे आणि कातडीही भाजतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण डॉक्टरांकडून आल्यावर मी दुकानातून नेमकी तीच ट्यूब उचलून घरी आणली होती. खोक्यावर मोठं 'यूव्ही' छापलेलं. होल्डरला तारा जोडत होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, खोक्यावर डोळ्यांना धोका आहे असं लिहिलंय ना?" वाचली टिकली. कोविडनंतर निघालेल्या निर्जंतुकीकरणाच्या पेट्या, टाकीच्या फिल्टरमधला यूव्ही दिवा, सगळे त्याच जातीचे. जनावरावर लावायचे नाहीत. नखं वाळवायचा दिवा आणि नोटा तपासायचा जांभळा दिवा भाजत नाहीत, पण त्यांच्यात यूव्हीबी नसतो, तेही उपयोगाचे नाहीत. 'फुल स्पेक्ट्रम' या शब्दावरही जाऊ नका. झाडांच्या दिव्यावरही तो छापतात.

मग घ्यायचं काय? सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची लांब ट्यूब, शक्यतो टी-५ एचओ, म्हणजे बारीक पण जास्त ताकदीची. खोक्यावर ५.० किंवा १०.० असा आकडा असतो, काही कंपन्या ६ टक्के, १२ टक्के लिहितात. ट्यूबच्या उजेडात यूव्हीबीचा वाटा किती, एवढंच तो सांगतो. जनावराच्या पाठीवर प्रत्यक्ष किती पडतो, ते अंतर ठरवतं. वळणाचे छोटे सीएफएल बल्ब स्वस्त पडतात, पण त्यांचा टापू तळहाताएवढा. कासव चार बोटं सरकलं की संपलं.

एक अडचण हमखास येते. टी-५ एचओची २ फुटी ट्यूब २४ वॉटची असते आणि तिला तिचाच चोक लागतो. वायरमन म्हणेल, "जुनी पट्टी आहे, त्यात बसवून देतो." नको. जुन्या पट्टीच्या क्लिपा जाड टी-८च्या, ही बारीक ट्यूब त्यात बसत नाही, आणि एलईडीच्या पट्टीत तर चोकच नसतो. पट्टी आणि ट्यूब जोडीनेच मागवा, पाठीमागे चकचकीत रिफ्लेक्टर असलेली. रिफ्लेक्टर नसेल तर निम्मा माल छताला जातो.

अंतराचं मला पटेना, म्हणून पुण्याच्या एका पाहुण्यांकडून सोलरमीटर ६.५ मागून आणला. हे यंत्र यूव्ही इंडेक्स, म्हणजे यूव्ही किती तीव्र आहे त्याचा आकडा, दाखवतं. आमच्या १०.० च्या ट्यूबखाली ९ इंचांवर ६.९, १२ इंचांवर ४.६, १५ इंचांवर ३.१, १८ इंचांवर २.२. डोळ्यांना चारही जागी उजेड तितकाच दिसत होता. मग टाकीवरची बारीक जाळी मध्ये धरली, तर १५ इंचांवरचे ३.१ थेट २.० वर आले. ५ मिलिमीटरची काच धरली, तर ०.०. मी काच पुसून पुन्हा धरली. पुन्हा ०.०. एप्रिलमध्ये सकाळी ११ वाजता अंगणात ९.२ होता आणि खिडकीच्या बंद काचेआड शून्य. खिडकीत ऊन खात बसलेलं कासव फक्त शेकत असतं.

हे आकडे माझ्या पट्टीचे, तुमचे वेगळे येतील. उन्हात बसणाऱ्या स्लायडरला बसायच्या जागी साधारण ३ मिळाले की पुरे. बियर्डेड ड्रॅगनला जास्त चालतं, अंधारात फिरणाऱ्या लेपर्ड गेको या पालीला एकच्या आतच ठेवायचं. हे हिशेब संशोधक गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेल्या यूव्हीच्या गटांवर चालतात. रानातले सरडे आपणहून किती ऊन घेतात ते त्यांनी मोजलं होतं. मीटर महाग आहे, चौघांत मिळून एक घ्या. नाहीच जमलं तर ट्यूबच्या कंपनीने दिलेला अंतराचा तक्ता पाळा आणि मध्ये काच, अॅक्रिलिक काही ठेवू नका.

आमची मांडणी अशी आहे. टाकीच्या एका टोकाला विटांवर शहाबादीचा तुकडा, पाण्याच्या वर, पूर्ण कोरडा. चढायला खरखरीत उतार. त्याच्या डोक्यावर १५ इंचांवर ट्यूब, शेजारी ६० वॉटचा पिवळा बल्ब. फरशीवर ३२ ते ३५ अंश, पाणी २५ च्या आसपास. दुसरं टोक सावलीचं, जनावराला नको असेल तेव्हा दूर जाता आलं पाहिजे. दिवा नेहमी वरून, बाजूने नाही. वरून आला की भुवईची कड डोळ्यांवर सावली धरते. टायमरवर रोज १२ तास. रात्री सगळं बंद, 'रात्रीचा लाल दिवा' वगैरे काही नाही. पट्टी साखळीने छताला टांगा, पाण्यात पडली तर करंट टाकीत उतरेल. सर्किटला आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, असावाच, हे दुकानदार म्हणून सांगतो.

ऊन फुकट आहे, मग ट्यूब कशाला, असं मला रोज कोणी ना कोणी विचारतं. बरोबर आहे, ऊन ट्यूबपेक्षा सरसच. ओळखायची खूण सोपी. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर उन्हात भरपूर यूव्हीबी आहे. आमच्याकडे एप्रिलच्या मध्याला साडेनवाच्या सुमारास ती उंचीएवढी होते. डिसेंबरातही भर दुपारी आखूडच पडते, हे आपलं नशीब. इंग्लंडात राहणाऱ्या मराठी मंडळींना त्या महिन्यात ती कधीच आखूड दिसणार नाही. पण काचेची टाकी उचलून उन्हात ठेवायची नाही, तिची भट्टी होते आणि जनावर थोड्या वेळात मरतं. मोठं घमेलं घ्या, अर्ध्यावर लाकडी फळी टाकून सावली करा, पाणी भरा, वर रुंद डोळ्यांची जाळी लावा, नाहीतर कावळे आहेतच. अर्धा तास पुरे, आणि तेवढा वेळ शेजारी बसायचं. मी पेपर घेऊन बसतो. पावसाळ्यात मात्र चार-चार दिवस आभाळ उघडत नाही, तेव्हा ट्यूबला पर्याय नाही. दोन दिवस वीज गेली तर घाबरू नका, साठवलेलं डी तेवढं पुरतं.

खाण्यात माझी चूक सुकटीची होती. डबा उघडून टाकायची, ती मटकवायची, आम्ही खूश. नुसत्या सुकटीवर ठेवू नका. आता चांगल्या गोळ्या, काट्यासकट छोटे मासे, थोडा हिरवा पाला. पालक नाही, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं. कॅल्शियमसाठी समुद्रफेन, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. म्हणजे माकुळाचं हाड. मागचं कडक कवच खरवडून काढा आणि तुकडा पाण्यात सोडून द्या, ती हवा तेव्हा कुरतडते.

आणि ते घरोघरी असतं ना, डी-३ चं ६०,००० युनिटचं पाकीट, त्यातली चिमूट कासवाला देऊ नका. तोंडावाटे गेलेलं डी जास्त झालं तर रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडात चुना साचतो. उजेडातून तसं होत नाही, जास्तीचा कच्चा माल कातडीच मोडून टाकते. म्हणून पोटातून डी द्यायचं तर डॉक्टरांनीच ठरवायचं. पाठ मऊ झाली असेल, जबडा रबरासारखा लागत असेल, पाय थरथरत असतील, तर आधी एक्स-रे, मग दुकान. फार लहान पिल्लाची कड थोडी लवचीक असतेच, तिला घाबरू नका.

ट्यूब कधी बदलायची? जळाल्यावर नाही. यूव्हीबी आधी संपतो, उजेड नंतर कितीतरी दिवस तसाच दिसतो. टी-५ एचओ साधारण वर्षाने, जाड टी-८ सहा महिन्यांनी. मी ट्यूबच्या टोकाला मार्करने तारीख लिहितो आणि पाडव्याला बदलतो. जुनी कचऱ्यात फोडू नका, आत पारा आहे. ई-कचरा घेणाऱ्याला द्या.

एक कायद्याचं. हे सगळं परदेशी कासवाबद्दल. नदीत सापडलेलं किंवा कोणी आणून दिलेलं तारा कासव, मऊ पाठीचं कासव, असं कुठलंही देशी कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. वन विभागाच्या १९२६ वर फोन करा. आणि उलटही, स्लायडर मोठं झालं म्हणून कृष्णेत सोडू नका. मूळ मिसिसिपीच्या खोऱ्यातलं हे जनावर, जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० घुसखोर जातींच्या यादीत आहे. आपल्या कासवांचं ऊन आणि खाणं दोन्ही बळकावतं. ते ३० वर्षंही जगू शकतं, आणताना हा हिशेब धाकटीने केला नव्हता, आम्हीही नाही.

टिकली आता सात वर्षांची आहे. पाठ कडक झाली, पण मागची वळलेली कड तशीच राहिली, ती सरळ होत नाही. धाकटीने आणलेला तो निळसर बल्ब मी फेकला नाही. दुकानात गल्ल्याजवळ लावलाय. कोणी कासवासाठी दिवा मागायला आलं की आधी त्याकडे बोट दाखवतो आणि विचारतो, "हा चालेल का?" बहुतेक जण हो म्हणतात.