डोंगर पेटतो तेव्हा: जंगलालगत राहणाऱ्यांनी काय करावं

वणवा कंपाउंडच्या भिंतीपाशी अडतो, ठिणगी अडत नाही. सागाचं वाळकं पान कडेनं लाल जळत गरम हवेवर तरंगत येतं आणि जूनमध्ये बांधलेल्या, नंतर कुणीच न सोडलेल्या निळ्या ताडपत्रीवर पडतं. मुंबई-ठाण्यात जंगलाला लागून असलेल्या गोरेगाव, मुलुंड, येऊरकडच्या वस्त्यांची खरी तयारी इथूनच सुरू होते. डिसेंबर २०१८ मध्ये गोरेगाव पूर्वेचा डोंगर पेटला होता, म्हणजे मार्चची वाट पाहून चालत नाही.

गवत पिवळं पडू लागलं की नोव्हेंबरातच भिंतीच्या आतला निदान १० मीटरचा पट्टा साफ करा. कापलेलं गवत तिथेच रचू नका, जाळू तर मुळीच नका, उचलून न्या. झाडांच्या जमिनीपासून २ मीटरपर्यंतच्या वाळक्या काटक्या काढा, नाहीतर गवताची आग शेंड्यापर्यंत चढते. पत्र्यांवरचा, पन्हाळीतला पाचोळा हाताने काढा. बाल्कनीतले खोके आणि सुकलेल्या कुंड्या हलवा. भिंतीपलीकडे मात्र कोयता चालवू नका. ती वनखात्याची जमीन. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, त्यांच्याकडूनच काढून घ्या, अर्ज लेखी द्या.

उतारावर आग वर धावते. चढ दर १० अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, कारण ज्वाळा वरचं गवत आधीच तापवून ठेवतात. त्यामुळे आग खाली दिसत असली, तरी माथ्यावरच्या घरांनी आधी निघावं.

जानेवारीत फॉर्म बीसाठी, म्हणजे इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू असल्याच्या प्रमाणपत्रासाठी, ती तपासली जाते. त्याच दिवशी पाइप मागच्या भिंतीपर्यंत ओढून प्रत्यक्ष पाणी सोडून बघा. हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचा नळ) गेटपाशी आणि जंगल मागे, असं पुष्कळ ठिकाणी असतं. पाइप अपुरा पडतो हे आग लागल्यावर कळून काय उपयोग? बंबाच्या वाटेत गाड्या लावू देऊ नका.

धूर दिसताच १०१ ला आणि वनखात्याच्या १९२६ ला फोन करा. जवळची खूण सांगा: बसथांबा, देऊळ, पाडा. ओल्या फांद्यांनी आग झोडपणं हे वनरक्षकांचं काम आहे, हौशी पोरांना डोंगरावर पाठवू नका.

घरात खिडक्या लावा आणि एक्झॉस्ट फॅन बंद करा. तो आतली हवा बाहेर फेकतो, म्हणून फटींतून धूर आत ओढला जातो. दाराखाली ओलं फडकं दाबा. रुमालाने बारीक कण अडत नाहीत, एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसवा. रात्री वारा पडला की धूर खाली उतरतो, म्हणून दमेकऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना संध्याकाळीच नातेवाइकांकडे पोचवा. निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, सुती कपडे घाला. नायलॉन वितळून अंगाला चिकटतं.

आगीपुढे साप, कधी बिबट्याही वस्तीत येतो. त्याला वाट मोकळी ठेवा, मोबाइल घेऊन घेरू नका. आणि आग विझली तरी दोन दिवस रोज भिंतीलगत फिरून बघा: वाळक्या बुंध्यांत निखारा टिकतो आणि दुपारच्या वाऱ्याने पुन्हा पेट घेतो.