कुराणाचे भाषासौंदर्य इंग्रजीतून अनुभवताना या चुका टाळा

फोंड्यात आम्ही सहा-सात जण रविवारी संध्याकाळी एकत्र बसून धर्मग्रंथ वाचतो. संतसाहित्य झाले, ख्रिस्तपुराणाचे काही अवस्वर म्हणजे अध्याय झाले आणि त्यानंतर कुराण घ्यायचे ठरले. अरबी आमच्यापैकी कोणालाच येत नसल्यामुळे इंग्रजी भाषांतर आणले. तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांचा उत्साह ओसरला. वाक्यांचा अर्थ लागत होता. पण ज्या भाषेच्या सौंदर्याने चौदा शतके ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात असे आम्ही ऐकत आलो होतो, ती भाषा कुठे दिसत नव्हती. पुढे शेजारच्या एका वयोवृद्ध मुस्लिम गृहस्थांनी आमच्यासोबत बसायचे मान्य केले, आणि आम्ही कुठे चुकत होतो ते एकेक करून लक्षात येऊ लागले. ज्यांना मराठी आणि इंग्रजी येते, पण अरबी येत नाही, अशा वाचकांसाठी त्या चुका आणि त्यांवरचे उपाय येथे लिहीत आहे.

पहिल्या पानापासून ओळीने वाचत जाणे

पुराणकथा जशी आरंभापासून वाचावी तसे आम्ही कुराण वाचू लागलो, आणि पहिली चूक तिथेच झाली. कुराणातील ११४ सूरा, म्हणजे अध्याय, कालक्रमाने लावलेल्या नाहीत. सात आयतींची, म्हणजे सात ओळींची, अल-फातिहा संपली की लगेच २८६ आयतींची अल-बकरा येते, आणि त्यापुढे सर्वसाधारणपणे मोठ्या सूरा आधी व लहान सूरा शेवटी अशी मांडणी आहे. अल-बकरामध्ये उपवास, हज, घटस्फोट, कर्जाचे करार असे विषय एकमेकांत गुंफलेले आहेत. ती गुंफण कळण्यासाठी या ग्रंथाच्या बोलण्याच्या रीतीची आधी सवय व्हावी लागते. मुस्लिम परंपरेनुसार कुराण सुमारे २३ वर्षांच्या काळात थोडे थोडे अवतरले, आणि त्यातील सर्वांत पहिल्या मानल्या जाणाऱ्या पाच आयती ९६व्या सूरेच्या आरंभी आहेत.

आधी अल-फातिहा वाचावी, नंतर ७८ ते ११४ या शेवटच्या लहान सूरा घ्याव्यात, मग ५५वी आणि १२वी सूरा वाचावी, आणि त्यानंतरच अल-बकराकडे परतावे.

मनातल्या मनात वाचणे

ही आमची सर्वांत मोठी चूक होती. चतुर्थीला आपण घरोघरी आरत्या म्हणतो. त्याच आरत्या घुमट, शामेळ आणि कासाळे यांच्या तालाशिवाय छापील पुस्तकातून मुकाट्याने वाचून पाहिल्या, तर शब्द तेच राहतात आणि आरती हरवते. कुराण हा शब्दच पठणाशी जोडलेला आहे, आणि ते सावकाश, स्पष्ट उच्चारांनी म्हणावे असे ७३व्या सूरेत सांगितले आहे. जो ग्रंथ आधी कानांसाठी आहे तो केवळ डोळ्यांनी वाचला, तर हाती सारांश तेवढा लागतो.

अल-आदियात ही १००वी सूरा घ्यावी. तिच्या अकरा आयती आहेत. इंग्रजीत ती धापा टाकत धावणाऱ्या, टापांनी ठिणग्या उडवणाऱ्या आणि पहाटे हल्ला करणाऱ्या घोड्यांच्या शपथेने सुरू होते, आणि मग एकाएकी मनुष्याच्या कृतघ्नतेविषयी बोलू लागते. आम्हाला हे दोन तुकडे उगाच जोडल्यासारखे वाटले होते. मग ध्वनिमुद्रण ऐकले: ‘वल आदियाति दब्हा, फल मूरियाति कद्हा, फल मुगीराति सुब्हा’. आखूड, आपटत येणाऱ्या ओळी, आणि या तिन्ही ओळींच्या शेवटी श्वास तुटावा तसा ‘हा’. पाच आयती अशा दौडत जातात, आणि सहाव्या आयतीत लय एकदम बदलते. ओळ लांबते, यमक ‘कनूद’, ‘शहीद’, ‘शदीद’ असे जड होते, आणि मनुष्य आपल्या पालनकर्त्याशी कृतघ्न आहे हे वाक्य धूळ खाली बसल्यावर यावे तसे येते. घोडा आपल्या धन्यासाठी ऊर फुटेस्तोवर धावतो आणि मनुष्य आपल्या धन्याला विसरतो, हा संबंध कानांनी जोडून दिल्यावर आम्हाला उलगडला.

शेवटची, ११४वी सूरा मनात कुजबुजणाऱ्या दुष्ट प्रेरणेपासून आश्रय मागते. तिच्या सहाही आयती ‘स’काराने संपतात आणि कुजबुजीसाठी जो शब्द येतो तो ‘वस्वास’ आहे. इंग्रजी भाषांतरात कुजबुजीचा उल्लेख येतो. अरबीत ती प्रत्यक्ष ऐकू येते.

म्हणून कोणतीही लहान सूरा आधी ऐकावी, मग भाषांतर वाचावे आणि पुन्हा ऐकावे. ऐकताना पठणकर्ता कुठे थांबतो याकडे लक्ष द्यावे, कारण आयतीच्या शेवटी थांबताना अखेरचा ऱ्हस्व स्वर गळतो आणि यमक तिथेच उमटते. ‘नस्तईनु’ हा शब्द थांबताना ‘नस्तईन’ होतो. इजिप्तचे महमूद खलील अल-हुसरी यांचे संथ पठण नवख्या कानांसाठी फार सोयीचे आहे. अब्दुल बासित यांचे आलंकारिक पठण त्यानंतर ऐकावे. गोव्यात घरोघरी गाण्याचे वेड असल्यामुळे आपण पटकन राग शोधू लागतो. तसे करू नये. तिलावतीला, म्हणजे कुराणाच्या पठणाला, मुस्लिम परंपरा गायन मानत नाही. तिच्यात वाद्ये नसतात आणि उच्चारांचे नियम सुरावटीच्या वर असतात. मी वर दिलेली अरबी देवनागरीत आहे आणि ती केवळ लय सुचवण्यापुरती आहे, हेही ध्यानात ठेवावे. अरबीत हृदयाला ‘क़ल्ब’ म्हणतात आणि कुत्र्याला ‘कल्ब’. ‘क’चा हा फरक नुक्त्याविना, म्हणजे अक्षराखालच्या टिंबाविना, आपल्या लिपीत दिसतच नाही.

पालुपदाला कंटाळणे

अर-रहमान या ५५व्या सूरेत ७८ आयती आहेत, आणि त्यांपैकी ३१ आयतींत एकच प्रश्न परत परत येतो: तर मग तुम्ही आपल्या पालनकर्त्याच्या कोणकोणत्या कृपादानांना नाकाराल? इंग्रजीत हा प्रश्न दहाव्यांदा आल्यावर आमच्यातील एकाने पान उलटले. अभंगाचे ध्रुवपद दर कडव्यानंतर आले की आपण कंटाळत नाही, कारण मधल्या कडव्याने त्याला नवा रंग दिलेला असतो. इथेही तसेच होते. सूर्य-चंद्र, धान्य, मोती आणि पोवळे, समुद्रात डोंगरांसारखी उभी असलेली गलबते असे एकेक दान समोर ठेवून तो प्रश्न विचारला जातो. पुढे न्यायाच्या दिवसाचे वर्णन सुरू होते आणि त्याच शब्दांत भीती भरते. त्यानंतर उद्याने येतात आणि प्रश्न पुन्हा मृदू होतो.

यात मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा जास्त कळू शकते असे मला वाटते, आणि त्याचे कारण आपल्या शाळेतील संस्कृत आहे. या पालुपदातील ‘तुम्ही’ हे द्विवचन आहे. परंपरेने तो प्रश्न मनुष्य आणि जिन्न या दोघांना उद्देशून असल्याचे मानले जाते. आधुनिक इंग्रजीत द्विवचन नाही, त्यामुळे आर्थर आर्बेरी यांनी आपल्या १९५५ च्या भाषांतरात ‘यू अँड यू’ अशी योजना केली, आणि ती न कळल्यामुळे आम्ही तिला छपाईची चूक समजलो होतो. ‘युवाम्’ (तुम्ही दोघे) आठवावे म्हणजे गाठ सुटते. या सूरेत पुढे उद्याने दोन आहेत, झरे दोन आहेत, आणि अरबी द्विवचनाचा ‘आन’ हा प्रत्ययच तिथे यमक होऊन राहतो. व्याकरण, अर्थ आणि नाद एका प्रत्ययात असे एकवटलेले मी दुसरीकडे क्वचितच पाहिले आहे.

एका शब्दाला एकच इंग्रजी प्रतिशब्द धरून बसणे

संस्कृतात जसा धातू, तसे अरबीत बहुधा तीन व्यंजनांचे मूळ असते. र, ह, म यांपासून ‘रहमान’ आणि ‘रहीम’ होतात, आणि गर्भाशयाचा वाचक शब्दही त्याच मुळातून येतो; इंग्रजीत ‘कम्पॅशनेट’ आणि ‘मर्सिफुल’ या दोन शब्दांचे एकमेकांशी काही नाते उरत नाही, मग आईच्या उदराशी कोठून उरणार? ‘आयत’ म्हणजे ग्रंथातील ओळ, आणि ‘आयत’ म्हणजे खूणही. म्हणून पाऊस, वारा आणि रात्रंदिवस यांना कुराण जेव्हा आयती म्हणते, तेव्हा सृष्टी आणि ग्रंथ एकाच रीतीने वाचायच्या आहेत असे ते सुचवते. ‘कुफ्र’च्या मुळाशी झाकण्याचा अर्थ आहे. ५७व्या सूरेच्या २०व्या आयतीत पावसाने उगवलेले हिरवे रान पाहून ‘कुफ्फार’ हर्षतात असे म्हटले आहे, आणि तिथे त्याचा अर्थ बहुतेक भाषांतरकार शेतकरी असा घेतात, कारण तो बी मातीखाली झाकतो. मग ते रान वाळते, पिवळे पडते, आणि त्याचा भुसा होतो. भातकापणीनंतरचे आपले मळे ज्याने पाहिले आहेत त्याला या आयतीवर टीप लागणार नाही.

हाती लागेल ते भाषांतर प्रमाण मानणे

जॉर्ज सेल यांचे १७३४ चे आणि रॉडवेल यांचे १८६१ चे भाषांतर इंटरनेटवर विनामूल्य मिळते, त्यामुळे अनेकजण तिथूनच सुरुवात करतात. सेल यांनी आयतींचे क्रमांक न देता सलग गद्य छापले आहे, आणि रॉडवेल यांनी सूरांचा क्रम आपल्या समजुतीप्रमाणे बदलला आहे. सुरुवातीच्या वाचकाची दोन्हीकडे वाट चुकते. मार्माड्यूक पिक्थॉल यांनी हैदराबादच्या निजामाच्या सेवेत असताना केलेले १९३० चे भाषांतर, मुंबईत जन्मलेले अब्दुल्ला युसुफ अली यांचे १९३४ पासून प्रसिद्ध झालेले भाषांतर, लयीसाठी आर्बेरी आणि सुबोध आजच्या इंग्रजीसाठी अब्देल हलीम यांचे २००४ चे भाषांतर, यांपैकी निदान दोन शेजारी ठेवावीत. जिथे ती एकमेकांपासून फार दूर जातात, तिथे अरबीत काहीतरी दाट आहे असे समजावे. काही आवृत्त्यांत कंसांतील स्पष्टीकरणांची इतकी गर्दी असते की ओळीचा श्वास कोंडतो. अशा वेळी एकदा कंस गाळून वाचावे.

पिक्थॉल यांनी शीर्षकातच ‘अर्थ’ असा शब्द घातला आणि आर्बेरी यांनी ‘विवरण’ या अर्थाचा. भाषांतराला कुराण म्हणायचे नाही हा विवेक त्यामागे आहे. राशोल येथे १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापणाऱ्या इंग्रज फादर स्टीफन्स यांना ओवीचा आधार घेऊन बायबलची कथा नव्याने सांगता आली. कुराणाच्या भाषांतरकाराला ती मोकळीक नसते.

कथेतल्या गाळलेल्या जागांना उणीव समजणे

यूसुफची कथा गोव्यात ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून अनेकांनी ऐकलेली असते, त्यामुळे १२वी सूरा वाचताना तपशील राहून गेल्यासारखे वाटतात. ४५व्या आयतीत सुटून आलेला कैदी राजदरबारात म्हणतो, ‘मला पाठवा’, आणि ४६व्या आयतीचा पहिलाच शब्द आहे: ‘यूसुफ!’ वाट, तुरुंगाचे दार, भेट, सगळे गाळलेले आहे. पडदा न पाडता प्रवेश बदलावा तसे हे आहे. अंगरख्यावर नजर ठेवून ही सूरा पुन्हा वाचावी: एकदा तो खोट्या रक्ताने माखून बापाकडे येतो, एकदा मागून फाटून यूसुफची निर्दोषता सिद्ध करतो, आणि अखेर त्याच्या अंगरख्याच्या स्पर्शाने आंधळ्या बापाला दिसू लागते.

सर्वनामांवरून डोळे फिरवणे

जुन्या भाषांतरांतील ‘दाऊ’ आणि ‘यी’ ही सर्वनामे आम्हाला नुसता जुनाट थाट वाटली. पण ‘दाऊ’ म्हणजे एकवचनी ‘तू’ आणि ‘यी’ म्हणजे अनेकवचनी ‘तुम्ही’. अरबीतला हा भेद आजच्या इंग्रजी ‘यू’मध्ये पुसला जातो. ईश्वर स्वतःसाठी ‘आम्ही’ म्हणतो तेव्हा ते गौरवाचे वचन असते, संख्येचे नव्हे. अल-फातिहाच्या पहिल्या आयती ईश्वराविषयी तृतीय पुरुषात बोलतात आणि पाचव्या आयतीत भक्त वळून थेट म्हणतो, ‘इय्याक नअबुदु’. कर्म वाक्याच्या आरंभी आल्यामुळे त्याचा अर्थ ‘तुझीच आम्ही उपासना करतो’ असा होतो. इंग्रजीला त्यासाठी ‘अलोन’ जोडावे लागते, तर मराठीचा ‘च’ ते काम सहज करतो. पुरुष बदलण्याच्या या रीतीला अरबी साहित्यशास्त्रात इल्तिफात म्हणतात, आणि भाषांतरात ती गोंधळासारखी दिसते म्हणून काहीजण ती सरळ करून टाकतात.

१०व्या सूरेतील २२वी आयत शक्य असेल तर मिरामारच्या किनाऱ्यावर बसून वाचावी. तोच तुम्हाला जमिनीवर आणि समुद्रावर प्रवास घडवतो. तुम्ही नौकांमध्ये असता, आणि त्या ‘त्यांना’ घेऊन अनुकूल वाऱ्याने निघतात. वाक्याच्या मधोमध ‘तुम्ही’चे ‘ते’ होते, जणू नौका दूर गेली आणि आपण काठावर उरून पाहतो आहोत. मग वादळ येते, चहूबाजूंनी लाटा उठतात, ते कळवळून प्रार्थना करतात, वाचतात, आणि जमिनीला पाय लागताच पुन्हा अन्याय करू लागतात. तेवढ्यात २३व्या आयतीत हाक येते, ‘हे लोकांनो, तुमचे बंड तुमच्याच विरुद्ध आहे’, आणि सर्वनाम पुन्हा ‘तुम्ही’ झालेले असते.