रीबूट मारला आणि साइट गेली? आधी एनेबल बघा

लिनक्स सर्व्हर महिनोन् महिने चालू असतो, काही त्रास नाही, मग एका रात्री कर्नल अपडेट केला म्हणून रीबूट मारतो आणि सकाळी बघतो तर साइट बंद. माझं अगदी असंच झालेलं, अल्मालिनक्सवर (रेड हॅटच्या घराण्यातलं लिनक्स) मारियाडीबी हा डेटाबेस टाकून हाताने स्टार्ट केलेला आणि एनेबल करायचं राहूनच गेलं. डेबियन-उबंटूची सवय असली की हे हमखास होतं, कारण तिथे पॅकेज टाकलं की सर्व्हिस बहुतेक वेळा आपोआप चालू पण होते आणि बूटला पण लागते, रेड हॅटच्या घराण्यात बऱ्याच सर्व्हिसचं तसं नसतं.

तर स्टार्ट म्हणजे आत्ता, एनेबल म्हणजे पुढच्या बूटपासून. दोन्ही एकदम हवं तर सर्व्हिस सांभाळणारी सिस्टमसीटीएल कमांड अशी द्या (टाइप अर्थातच इंग्रजीत करा):

सुडो सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ मारियाडीबी

डिसेबलचं पण तेच, नुसतं डिसेबल केलं तर चालू असलेली सर्व्हिस चालूच राहते, तिथेही --नाऊ लावा. आत जादू काही नाही, एनेबल केलं की बहुतेकदा मल्टी-यूजर टार्गेटच्या वॉन्ट्स फोल्डरमध्ये एक सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारा शॉर्टकट) पडते, डिसेबलने ती उडते, बस.

आता सर्व्हरवर काय काय बूटला उठतंय ते बघा:

सिस्टमसीटीएल लिस्ट-युनिट-फाइल्स --टाइप=सर्व्हिस --स्टेट=एनेबल्ड

यात कप्स (प्रिंटिंगवालं), ब्लूटूथ, अवाही (लोकल नेटवर्कवर यंत्रं शोधणारं) असलं काही दिसलं तर भाड्याच्या व्हीपीएसवर (आभासी सर्व्हरवर) त्यांचं काय काम, खुशाल बंद करा. पण एसएसएच (दुरून लॉगिन करायचं) आणि नेटवर्कवाल्यांना हात लावू नका, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल. --स्टेट काढून पूर्ण यादी बघितली तर ज्या सर्व्हिससमोर स्टॅटिक लिहिलेलं असतं त्यांच्या फाइलमध्ये इन्स्टॉलचा भागच नसतो, त्या दुसऱ्या कोणाच्या तरी बोलावण्यावर येतात, त्यांच्याशी झटापट नको.

कप्स डिसेबल करून पण परत उठतो कारण त्याचं सॉकेट युनिट (कोणी जोडायला आलं की सर्व्हिस उठवणारं) वेगळं असतं आणि पाथ युनिट (ठरलेली फाइल दिसली की उठवणारं) पण, त्यामुळे तिन्ही बंद करा. तरी ऐकत नसेल तर मास्क, म्हणजे युनिट थेट डेव्ह-नलकडे (लिनक्समधली कायम रिकामी फाइल) वळवलं जातं आणि मग हाताने स्टार्ट केलं तरी उठत नाही. सहा महिन्यांनी आपणच विसरतो आणि डोकं खाजवत बसतो, म्हणून कुठेतरी लिहून ठेवा 😅

सगळं झालं की तुम्ही जागे असताना, गिऱ्हाईक नसताना, एकदा मुद्दाम रीबूट मारा आणि 'सिस्टमसीटीएल --फेल्ड' बघा. तिथे काही दिसलं नाही तरी साइट ब्राउझरमध्ये उघडून बघाच, कारण जी सर्व्हिस एनेबलच नाही ती फेल्डमध्ये येणार कुठून.