पावसाळी कामाला लागण्याआधी: माणसांचे पाय आणि कान सांभाळा

पेरणी-लावणीची तयारी म्हटली की बियाणं, खत, डिझेल, यंत्राची सर्व्हिसिंग सगळं आठवणीनं होतं. चिखलात उतरणाऱ्या आणि यंत्रामागे चालणाऱ्या माणसांसाठी मात्र बहुतेक वेळा काहीच आणून ठेवलेलं नसतं. शेतकरी बंधू-भगिनींनो, यंदा ती तयारी आधी करा. या हंगामातले दोन मोठे धोके त्या दिवशी दुखत नाहीत. आवाजानं कान निकामी होत असतो तेव्हा कळत नाही आणि चिखलातला जंतू भेगेतून आत शिरतानाही कळत नाही.

दिवसभर पाण्यात राहिलेला पाय संध्याकाळी एकदा नीट बघा. कातडी पांढरी, सुरकुतलेली, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, टाचेच्या भेगा उकललेल्या. नख लागलं तरी सोलवटेल इतकी ती नरम पडलेली असते. उंदीर-घुशी, गुरं, डुकरं, कुत्री यांच्या लघवीतून पाण्यात उतरणारे लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) या तापाच्या रोगाचे जंतू याच वाटेनं शरीरात शिरतात. डोळ्यांत किंवा तोंडात उडालेल्या पाण्यातूनही शिरतात.

गमबूट हा पहिला उपाय, पण मापाचा. मोठा बूट चिखलात रुततो, मग माणूस तो बांधावर काढून ठेवतो आणि अनवाणी उतरतो. लावणीत बूट घालून सरकता येत नाही, हे मजुरांचं म्हणणं खरं आहे. तिथं निदान एवढं तरी पाळा: कामाला उतरण्यापूर्वी ज्याच्या पायाला उघडी जखम आहे त्याला कोरडं काम द्या, बारीक ओरखड्यांवर पाणी न शिरणारी पट्टी लावा. बांधावर स्वच्छ पाण्याची टाकी, साबण आणि कोरडं फडकं ठेवा. जेवणाआधी हात आणि सुट्टी झाल्यावर पाय धुऊन, बेचक्या कोरड्या करूनच माणूस घरी जावा. शेताच्या पाटातल्या पाण्यात पाय खळबळणं म्हणजे धुणं नव्हे.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणखतात असतातच. दर १० वर्षांनी लस घ्यावी लागते. जखम खोल किंवा मळलेली असेल आणि आधीच्या लशीला ५ वर्षं उलटली असतील तर डॉक्टर पुन्हा टोचतात. खिळा किंवा विळा लागल्यावर हळद दाबून कामाला लावू नका. जखम वाहत्या पाण्यानं व साबणानं धुवा आणि दवाखान्यात न्या.

गोठ्याचं काम वेगळं. गाय-म्हैस गाभडली किंवा वार अडकली की घाईत उघड्या हातानं ओढाओढ होते. जनावराला ब्रुसेलोसिस, म्हणजे गाभडवणारा आणि माणसालाही लागणारा रोग असेल तर वारेत आणि गर्भाभोवतीच्या पाण्यात जंतूंचा भरणा असतो. खांद्यापर्यंतचे हातमोजे घाला, तोंड-नाक झाका, गरोदर बाईला तिथं अजिबात उभं करू नका. वार उकिरड्यावर टाकू नका, कुत्री ओढून नेतात. चुना टाकून खोल पुरा. पशुवैद्यकाला बोलवायचंच.

आता आवाज. यंत्रापासून हातभर अंतरावर उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक आहे असं समजा. आवाज डेसिबलमध्ये मोजतात; ८५ डेसिबलचा आवाज कान ८ तास सोसतो असं धरतात. त्यात ३ डेसिबलची भर पडली की ही वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. पॉवर टिलर, ब्रश कटर, केबिन नसलेला ट्रॅक्टर यांवर माणूस दिवस दिवस बसतो. कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म केसपेशी आवाज पकडतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सुरुवात बारीक आवाजांपासून होते. पाखरांचा चिवचिवाट आणि लहान मुलाचं बोलणं नीट उमगत नाही, रात्री कानात गुणगुण राहते. घरचे म्हणतात, हा लक्षच देत नाही.

आधी यंत्राकडे बघा. फुटलेला सायलेन्सर बदला, सैल पत्रे आणि नटबोल्ट आवळा. पंप सावलीच्या झाडाखाली असेल तर जेवायची जागा दुसरीकडे करा. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. चालक दर तासा-दोन तासांनी बदला. मग कानातली बोळी किंवा कान झाकणारे मफ. कापसाचा बोळा भरवशाचा नाही. स्पंजाची बोळी बोटांत वळून बारीक करायची, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढायचा, बोळी आत सारून अर्धा मिनिट धरून ठेवायची.

इथं एक गोष्ट फार जण विसरतात. चिखलाच्या हातानं बोळी घातली, किंवा एकाची दुसऱ्यानं घातली, तर कानात बुरशी आणि पू होतो, आणि ओल्या दिवसांत हे लवकर होतं. ज्याची त्याची बोळी वेगळी, डबीत ठेवलेली, हात धुऊनच हातात घ्यायची. कान वाहत असेल तर बोळी नको, मफ द्या.

लेप्टोचा ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो, कधी महिन्यानंही. तोवर मजूर दुसऱ्याच्या शेतावर गेलेला असतो. म्हणून मजुरी देताना प्रत्येकाला सांगा: थंडी वाजून ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, डोळे लाल, असं झालं तर मनानं गोळ्या न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना आपणहून सांगायचं, “मी चिखलात काम केलं आहे.” लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली तर थेट मोठ्या रुग्णालयात. आणि आपला फोन नंबर त्यांच्याकडे द्या, न्यायला गाडी लागली तर कळवतील.