कार्ट्रिज बदलताना या चुका टाळा

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की मुंबईत घरोघरी एकच तक्रार ऐकू येते: "सुट्टीच्या आधी नवी कार्ट्रिज टाकली होती, आता नुसता कोरा कागद बाहेर येतोय." मे महिनाभर घरचे सगळे गावी, प्रिंटर बंद, आणि तोही थेट भिंतीवरच्या बोर्डवरून बंद केलेला. अशा वेळी शाई बहुतेकदा संपलेली नसते, वाळलेली असते. कितीतरी कार्ट्रिज पोटात शाई असतानाच कचऱ्यात जातात, त्या अशाच.

एचपी आणि कॅननच्या साध्या घरगुती प्रिंटरमध्ये शाईची टाकी आणि छापणारं हेड एकाच डबीत असतं. १९८४ सालच्या एचपी थिंकजेटपासून ही युक्ती चालत आली आहे: हेड बिघडलं तर दुरुस्त करत बसू नका, शाईसकट बदला. डबीच्या खालच्या बारीक पट्टीवर केसाहून बारीक भोकांच्या रांगा असतात. प्रत्येक भोकामागे इवलासा हीटर. तो क्षणभर तापतो, शाईचा बुडबुडा फुगतो आणि थेंब कागदावर उडतो. अशा भोकाच्या तोंडावर शाई सुकायला फार वेळ लागत नाही.

बोर्डवरचं बटण

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि तिचा कार्ट्रिजशी संबंध आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला की कार्ट्रिज धरून फिरणारा आतला गाडा एका कडेला जाऊन बसतो आणि खालून रबरी टोपी हेडची तोंडं झाकते. बोर्डवरून वीज तोडली तर गाडा असेल तिथेच उघडा राहू शकतो. रात्री सगळी बटणं बंद करायची सवय चांगलीच आहे, मोडू नका. फक्त आधी प्रिंटरचं बटण दाबा, दिवा विझू द्या, मग बोर्डला हात लावा. आणि आठवड्यातून एखादं रंगीत पान छापत जा. एका पानाची शाई नव्या कार्ट्रिजपेक्षा स्वस्तच पडते.

नंबर न बघता घेतलेली कार्ट्रिज

एचपीच्या ६८०, ६८२, ८०३, ८०५ दिसायला जवळपास सारख्याच असतात, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाण्याआधी जुन्या कार्ट्रिजच्या लेबलचा फोटो काढून न्या. सेलमध्ये स्वस्त मिळते म्हणून दोन-तीन वर्षांचा साठाही करू नका, खोक्यावर तारीख छापलेली असते.

पट्टी, टोपी आणि तांबं

नव्या एचपी कार्ट्रिजवर रंगीत शेपटीची प्लास्टिक पट्टी असते, ती ओढून काढायची. कॅननवर टेप असते, काहींवर टोपीही. गडबड पुढे होते. पट्टी निघाल्यावर मागे सोनेरी-तांबूस ठिपक्यांची पातळ फीत दिसते आणि तीही स्टिकर समजून नखाने खरवडणारे लोक आहेत. ते ठिपके म्हणजे विजेचे संपर्क. ते गेले की कार्ट्रिज गेली. डबी नेहमी दोन्ही कडांनी धरा. काढलेली पट्टी "राहू दे, झाकण म्हणून" परत चिकटवू नका, रंग एकमेकांत मिसळतात.

बसवताना प्रिंटर चालू हवा. झाकण उघडल्यावर गाडा थांबेपर्यंत थांबा, तो हाताने ओढू नका. या साध्या दोन-कार्ट्रिज मॉडेलमध्ये सहसा कलर डावीकडे आणि काळी उजवीकडे बसते. 'टक' आवाज आला नाही तर ती बसलेलीच नाही. जुनी काढल्यावर नवी लगेच लावा. नवी टेबलावर उघडी ठेवून जेवायला गेलात तर तेवढ्या वेळातही शाई सुकायला लागते.

प्रिंटर कार्ट्रिज ओळखतच नसेल तर नंबर, राहिलेली टेप आणि 'टक' हे आधी तपासा. मग बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरने सुती फडकं जेमतेम ओलं करून ठिपके टिपा आणि वाळू द्या. सॅनिटायझर नको, त्यातला चिकटपणा मागे राहतो. थिनर तर अजिबात नको.

वाळलेलं हेड

प्रिंटरच्या मेनूतलं हेड क्लीनिंग एकदा-दोनदा करा. छपाईतल्या कोऱ्या रेघा कमी होत असतील तर काही तास थांबून पुन्हा करा. पण रागाने ओळीने दहा वेळा ते बटण दाबू नका. क्लीनिंग म्हणजे शाई ओढून प्रिंटरच्या आतल्या स्पंजवर टाकणं. तुमची शाईही जाते आणि स्पंजही भरत जातो. तो पूर्ण भरला की काही प्रिंटर छापायचंच थांबवतात.

तरीही कोरंच येत असेल तर टिश्यू पेपरची जाड घडी कोमट पाण्याने ओली करा आणि हेड खाली करून कार्ट्रिज मिनिटभर तिच्यावर टेकवा. दाबू नका. उचलून कोरड्या टिश्यूवर टेकवली की कलर कार्ट्रिजचे निळा, गुलाबी आणि पिवळा असे तीन वेगळे पट्टे उमटायला हवेत. एखादा पट्टा फिका किंवा गायब असेल तर तो रंग अडकला आहे किंवा संपला आहे. पुसताना आडवं-तिडवं घासलंत तर पिवळ्यात गुलाबी शिरतो आणि पुढची काही पानं भलत्याच रंगात निघतात. हात साबण आणि गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने डाग पक्का बसू शकतो.

रिफिल

मी रिफिलच्या विरोधात नाही. एचपी ६८० ची काळी कंपनीच्या आकड्यानुसार सुमारे ४८० पानं देते आणि कलर सुमारे १५०, त्यामुळे प्रोजेक्टवाल्या घरात रिफिलचा मोह होणारच. पण पूर्ण कोरडी होईपर्यंत छापत राहून मग सिरिंज हातात घेऊ नका: शाईशिवाय तापलेले हीटर जळतात, मग कितीही भरा. प्रिंट फिकी व्हायला लागली की थांबा. कार्ट्रिजच्या आतल्या स्पंजला जेवढी पेलेल तेवढीच शाई हळूहळू भरा. काठोकाठ भरलेली कार्ट्रिज प्रिंटरमध्ये ठिबकते. भरल्यानंतरही स्क्रीनवर 'शाई संपली' दिसत राहील, कारण प्रिंटर डबीत डोकावत नाही, छापलेल्या थेंबांचा हिशेब ठेवतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलवर स्टॉपचं बटण ५ सेकंद किंवा जास्त दाबून धरलं की तो हिशेब बंद होतो आणि छपाई पुढे चालते. एचपीच्या काही प्रिंटरमध्ये दुसऱ्या कंपनीची चिप असलेली कार्ट्रिज अपडेटनंतर नाकारली जाऊ शकते. मूळ चिपच असलेली रिफिल सहसा चालते.

कार्ट्रिजऐवजी बाटलीने शाई भरायच्या टाकीवाल्या प्रिंटरची कटकट वेगळी. तो दुरुस्तीला नेताना रिक्षात मांडीवर तिरका धरला की शाई आत सांडते. सपाटच ठेवा, टाकीची झाकणं घट्ट लावा. आणि शाई टाकीवरच्या खालच्या रेघेखाली जाऊ देऊ नका, नळ्यांत हवा शिरते.

संपलेली कार्ट्रिज सुक्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटर कार्ट्रिजसकट येतो, तेव्हा सोसायटीत ई-कचरा गोळा होईल त्या दिवसासाठी ती पिशवीत बांधून ठेवा.

आणि जुलैमध्ये अक्षरं पसरून फुगीर दिसायला लागली तर कार्ट्रिजला हात लावण्याआधी कागद बघा. मुंबईच्या पावसात ट्रेमधला कागद ओलावा धरतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये ठेवा, बाकीची रीम प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून कपाटात.