वायूतील तीव्र लेसर स्पंद: या चुका टाळा, आणि वायूला दोष देण्याआधी काच तपासा

सांगलीतल्या आमच्या विभागात फेमटोसेकंद लेसर (सेकंदाच्या अब्जांशाच्याही दशलक्षांशात मोजावे लागणारे स्पंद देणारा लेसर) नाही. एम.एस्सी.चे विद्यार्थी स्पंदाचा वायूतील प्रवास संगणकावर मांडतात आणि प्रत्यक्ष प्रयोगासाठी बाहेरगावच्या प्रयोगशाळेत मोजके दिवस मिळवतात. ते दिवस बहुधा त्याच त्याच चुकांपायी वाया जातात.

पहिली चूक म्हणजे स्वयंकेंद्रीकरणाचा (शलाका आपल्याच प्रभावाने एकवटण्याचा) निकष तीव्रतेला लावणे. केर परिणामामुळे (तीव्र प्रकाशाने माध्यमाचा अपवर्तनांक बदलणे) शलाकेच्या मध्यभागी अपवर्तनांक वाढतो आणि वायूच भिंगासारखा वागू लागतो, हे सर्वांना पाठ असते. पण हे भिंग विवर्तनावर, म्हणजे शलाकेच्या आपोआप फाकण्यावर, मात करेल की नाही, हे शिखर शक्तीवर (ढोबळमानाने ऊर्जा भागिले स्पंदाचा कालावधी) ठरते. 800 नॅनोमीटर तरंगलांबीला हवेसाठी ही क्रांतिक शक्ती सुमारे 3 गिगावॅट आहे. 1 मिलिजूल ऊर्जेच्या 35 फेमटोसेकंद स्पंदाची शक्ती 27 गिगावॅटच्या आसपास भरते, म्हणजे फिलामेंट (एकवटून तशीच पुढे जाणारी प्रकाशाची बारीक तार) दिसायलाच हवा. तो दिसत नसेल, तर ऊर्जा वाढवण्याच्या फंदात न पडता आधी स्पंदाची लांबी, म्हणजे कालावधी, मोजावी. कारण कंप्रेसरमधील (स्पंद आखूड करणाऱ्या भागातील) ग्रेटिंगचे अंतर बिघडून स्पंद दहापट लांबला, की शक्ती 2.7 गिगावॅटवर उतरते आणि ऊर्जामापकाचा आकडा मात्र तसाच राहतो.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. आरगॉनच्या नळीतून बाहेर पडणारा वर्णपट छान रुंदावलेला पाहून, हे वायूचेच काम असे समजून, आम्ही दोन दिवस खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी पंप लावून नळी रिकामी केली, तरी वर्णपट जवळपास तेवढाच रुंद! काम नळीच्या खिडकीच्या काचेचे होते. फ्यूज्ड सिलिका या काचेचा अरेषीय अपवर्तनांक (तीव्रतेनुसार अपवर्तनांक किती बदलतो त्याचे माप) वातावरणीय दाबाच्या हवेपेक्षा हजारपटीच्या घरात असतो, त्यामुळे 1 मिलिमीटर काच साधारण 1 मीटर हवेएवढे काम करते. वरच्याच स्पंदाची शलाका 4 मिलिमीटर व्यासाची करून 3 मिलिमीटर जाडीच्या खिडकीतून नेली, तर तिथेच सुमारे अडीच रेडियन अरेषीय कलाबदल होतो. म्हणून खिडकी पातळ घ्यावी, नाभीपासून लांब बसवावी आणि रिकाम्या नळीचे मोजमाप सर्वांत आधी नोंदवावे.

ऊर्जा दुप्पट केली की फिलामेंटमधील तीव्रताही दुप्पट होईल, असे गृहीत धरू नये. हवेत ती 5×10¹³ वॅट प्रति चौरस सेंटिमीटरच्या आसपास अडते, कारण आयनीभवनातून तयार झालेला प्लाझ्मा अपवर्तनांक घटवून शलाका पुन्हा फाकवतो. कृष्णा पात्राबाहेर पडल्यावर जादा पाणी जसे शिवारात पसरते, तशी जादा ऊर्जा नव्या फिलामेंटांत वाटली जाते.

वायूचा दाब निम्मा केल्यास क्रांतिक शक्ती दुप्पट होते, हेही प्रोग्राममध्ये बदलायचे राहून जाते.

राहता राहिली गणनेची जाळी, म्हणजे संगणक ज्या बिंदूंवर शलाका मोजतो त्यांची मांडणी. हवेतील फिलामेंटचा व्यास 100 मायक्रोमीटरच्या आसपास असताना बिंदूंमधील अंतर 50 मायक्रोमीटर ठेवले, तर त्याच्या वाट्याला जेमतेम दोन बिंदू येतात, आणि पडद्यावर दिसणारी सुंदर शिखरे ही जाळीचीच करणी असते. अंतर निम्मे करून गणना पुन्हा चालवावी. उत्तर जागचे हलले नाही, की मगच मिरजेहून गाडीचे तिकीट काढावे.