लहान महाविद्यालयात खेळाचे संघ कसे उभारावेत

नागपुरातील किंवा जवळच्या तालुक्यातील ज्या महाविद्यालयाची पटसंख्या काही शेकड्यांतच आहे, त्याने प्रत्येक खेळात संघ उतरवण्याचा मोह टाळावा आणि दोनच खेळ निवडून मुलांचे व मुलींचे मिळून चार संघ वर्षभर जोपासावेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी ऐन वेळी गोळा केलेला संघ बहुधा पहिल्याच फेरीत परततो आणि त्यातील एखाद्या गुणी खेळाडूलाही निवड समितीपुढे पुरेसे खेळायला मिळत नाही.

माझ्या मते हे दोन खेळ कबड्डी आणि खो-खो असावेत. कबड्डीत प्रत्यक्ष मैदानात ७ आणि राखीव ५ खेळाडू लागतात, तर खो-खोत ९ जण एका वेळी पाठलागाला उतरतात. कबड्डीचे १३ बाय १० मीटरचे आणि खो-खोचे २७ बाय १६ मीटरचे मैदान लहानशा आवारातही बसते. शिवाय याच मुलांमधून धावण्याच्या शर्यतींसाठी चांगले धावपटू मिळतात.

खरी मेहनत मैदानावर घ्यावी लागते. आपल्याकडची काळी माती पावसात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यामुळे घोटे मुरगळतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी वरचा थर काढून मुरूम पसरावा, पाणी मारून रोलर फिरवावा, पाणी वाहून जाईल इतका उतार ठेवावा आणि कबड्डीच्या जागी वर चाळलेली मऊ माती टाकावी. स्पर्धा मॅटवर असेल, तर आधीचे काही दिवस बूट घालून मॅटवर सराव मिळेल अशी सोय शहरातील एखाद्या मंडळाशी बोलून करावी, कारण मातीवर शिकलेल्या चढाईपटूची पावले मॅटवर सुरुवातीला अडखळतात.

निवड प्रवेश आटोपताच करावी आणि १२ जणांत किमान ४ प्रथम वर्षाचे घ्यावेत, म्हणजे अंतिम वर्षाची मुले गेल्यावर संघ मोडत नाही. काटोल, उमरेड किंवा कामठीहून येणाऱ्यांची परतीची गाडी सायंकाळच्या सरावामुळे चुकते, तेव्हा वेळ ठरवण्यापूर्वी त्यांना विचारावे. मार्चपासून ऊन चढण्याआधीच सराव संपवावा. मुलींसाठी कपडे बदलण्याची बंद खोली आणि सरावाला एखाद्या प्राध्यापिकेची उपस्थिती या गोष्टी आधी कराव्यात; त्या नसल्या की घरून परवानगी मिळत नाही, आणि तो दोष मुलींचा नसतो. सरावानंतर भिजवलेले चणे, गूळ आणि केळी द्यावीत.

दहावीचे प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, शुल्काची पावती आणि ओळखपत्र यांच्या प्रती प्रत्येक खेळाडूच्या नावाने ऑगस्टमध्येच लावून ठेवाव्यात. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी १ जुलै रोजी वय २५ वर्षांपेक्षा कमी असावे लागते, ही अट सुरुवातीलाच तपासावी. कबड्डीत वजनाची मर्यादा असल्याने खेळाडूंचे वजन दरमहा नोंदवावे. शेवटच्या आठवड्यात उपाशी ठेवून वजन उतरवू नये.

विद्यापीठ संघात निवड झालेला खेळाडू सराव शिबिर आणि पश्चिम विभागाच्या स्पर्धेमुळे बराच काळ वर्गाबाहेर राहतो. त्याची हजेरी, प्रात्यक्षिके आणि अंतर्गत चाचण्या यांची पर्यायी व्यवस्था तो निघण्यापूर्वीच प्राचार्यांकडून लेखी करून घ्यावी आणि तिची एक प्रत त्याच्या हाती द्यावी.